तिरका ठसा

नमस्कार. बसा, बसा. मागं दारापाशी उभी असलेली मंडळी, पुढं या. सतरंजीवर जागा आहे.

मला बोलता येत नाय. म्हंजी तसा मी लई बोलतो, आमच्या शिफ्टच्या बसमधली माणसं सांगतील तुम्हाला. पण माईकवर पहिल्यांदाच. आणि ते बी धाकट्या बहिणीच्या फोटोला हार घालून. मागं त्या बॅनरवर तिच्या नावाआधी काय लिहिलंय ते मी अजून वाचलेलं नाय. म्हणून तर त्याच्याकडं पाठ करून उभा राहिलोय.

तुम्ही एवढे लोक आलात. लासूर स्टेशनहून भावकी आली. वाळूजहून पहिली शिफ्ट सुटल्या सुटल्या माझे सोबती आले, अंगावर युनिफॉर्म तसाच आहे. औरंगपुऱ्यातले तिचे जुने स्टुडिओवाले आलेत. वर्तमानपत्रातली मंडळी आहेत. आमच्या कंपनीचे साहेब आलेत, पहिल्या रांगेत बसलेत. हे मोठं पुष्पचक्र त्यांचंच. साहेब, आभारी आहे. आणि आई बसलीय, साहेबांच्या शेजारीच.

आता खरं सांगतो. मला भ्या वाटतंय. मला एक गोष्ट सांगायचीय. एकच. ती सांगितल्यावर उद्या सकाळी गेटवर माझं कार्ड चालंल का नाय, मला माहीत नाय. घरून निघताना बायको म्हणाली, ‘अहो, दोन शब्द बोला, हात जोडा आन् खाली बसा. पोरीचं कॉलेज आहे.’ तिचं काय चुकलं? काय बी नाय. तवा मी मधीच हात जोडून खाली बसलो, तर समजा की याची छाती झाली नाय.

माझ्या आधी जे बोलले त्यांनी उज्ज्वलाला निडर म्हटलं. वाघीण म्हटलं. माफ करा, तुम्ही प्रेमानं म्हणालात, पण ते खरं नाय. उज्ज्वला लई घाबरायची. फोटो काढायला गेली की तिकडून, लढाईतून, तिचा फोन यायचा तवा तिचे दात वाजायचे. मला हिकडं ऐकू यायचं. मी म्हणायचो, ‘उजे, थंडी आहे का गं तिकडं?’ ती म्हणायची, ‘नाय रे दादा, भ्या आहे.’

लहानपणाचं सांगतो. लासूरला आमचं घर रुळांच्या अलीकडं आणि शाळा पलीकडं. मालगाडी मधी उभी राहिली की राहिली, हलायचं नाव नाय. मग पोरं डब्याखालून वाकून पलीकडं जायची. वाईट खोड होती, पण सगळे करायचे. मी मोठा, ती लहान. ती सुळकन पलीकडं जायची आणि मी दप्तर धरून अलीकडं. चाकांच्या मधून तिचं तोंड दिसायचं. ‘दादा, ये.’ मी म्हणायचो, ‘मला भ्या वाटतंय.’ दुसरी कुणी असती तर हसली असती. ही काय म्हणायची माहितीय? ‘मंग घाबर की! कोण नको म्हणतंय? घाबरत घाबरत ये.’

आणि मी जायचो. घाबरत घाबरत, पण जायचो.

तिनं फोटो काढायला सुरुवात केली ती औरंगपुऱ्यात, लग्नाच्या स्टुडिओत. नवरी हसली की फोटो, नवरी रडली की फोटो. मग ती मोर्च्यात जायला लागली. आमच्या वाळूजच्या गेट मीटिंगला यायची, रस्त्यावर बसलेल्या बायकांमधी स्वतः बसायची. बसून आधी घोषणा द्यायची आणि मग उठून फोटो काढायची. तिला लोक म्हणायचे, ‘मॅडम, तुम्ही पत्रकार, तुम्ही एका बाजूच्या कशा?’ मी स्वतः म्हटलंय तिला. ती म्हणायची, ‘व्हय, आहे मी एका बाजूची. बॉम्ब वरून पडतो. मी खालच्या बाजूची.’

एका वर्तमानपत्रानं तिला सांगितलं, ताई, सकाळी चहाबरोबर बघता येतील असे फोटो द्या. हिनं त्याच दिवशी नोकरी सोडली. घरी आली आणि चहा मागितला. आई म्हणाली, ‘आता खाशील काय?’ ही म्हणाली, ‘तुझं डोकं.’ अशी होती. आणि त्यानंतर ती लढाया जिथं चालू असतील तिथं जायला लागली. कुठल्या कुठल्या देशात गेली ते मी इथं सांगत नाय. एका देशाचं नाव घेतलं की सभेत दोन गट पडतील आणि माझं सांगायचं राहून जाईल. आज माझ्यात तेवढी ताकद नाय.

ही चप्पल बघताय ना, फोटोपुढं ठेवलेली? आल्या आल्या बऱ्याच जणांनी विचारलं, चप्पल काय ठेवलीय पुढं, उचला की. नाय उचलायची. सांगतो.

उज्ज्वला तिकडं पायात बूट घालायची. पण पिशवीत एक चप्पल असायची. एकच. लासूरच्या आठवडी बाजारातली, साधी. बॉम्ब पडून गेला की भिंतीत, मातीत, अंथरुणात लोखंडाचे तुकडे सापडतात. ती त्या तुकड्याशेजारी ही चप्पल ठेवायची आणि मग फोटो काढायची. का, तर माप कळावं म्हणून. तुकडा केवढा, खड्डा केवढा. मी म्हटलं, फूटपट्टी ठेव की बाई, शिकलेली ना तू? म्हणाली, ‘दादा, फूटपट्टी समद्यांना कळत नाय. चप्पल कळती. आईला बी कळती.’

आणि दुसरी चप्पल घरी, आईच्या खाटेखाली. आई ती कुणाला हलवू द्यायची नाय. झाडताना बी झाडू लांबून फिरवायची. म्हणायची, ‘जोडी अर्धी ठिवून गेलीय, म्हंजी यायचंच आहे तिला.’ आमच्या घरात रात्रंदिवस फोनचं भ्या असायचं. अनोळखी नंबर आला की आई माझ्या तोंडाकडं बघायची आणि मी भिंतीकडं. बँकवाल्यांचा निघाला की आई फोनवरच्या पोरीला आशीर्वाद द्यायची.

मग पेटी आली. उघडू नका म्हणाले. पेटीबरोबर तिची पिशवी आली. पिशवीत चप्पल होती. आईनं खाटेखालची काढली, दोन्ही शेजारी शेजारी लावल्या, आणि तवा कुठं ती रडली. तोवर तिचा विश्वासच नव्हता.

जरा पाणी देता का?

आता माझं सांगतो. बऱ्याच जणांना माहीत नाय मी काय करतो. मी फायनल इन्स्पेक्शनला आहे. पार्ट बनून आला की मी बघतो. माप बघतो, कड बघतो, उजेडात फिरवून बघतो. बरोबर असला की त्याच्यावर ठसा मारतो. प्रत्येक इन्स्पेक्टरचा ठसा वेगळा असतो. पोलादी खिळ्यासारखा असतो बघा, टोकाला खूण कोरलेली. पार्टवर टेकवायचा आणि वरून हातोडीनं एक टोला. त्या खुणेचा अर्थ एवढाच की हे दिगंबरनं बघितलंय आणि दिगंबर याला जबाबदार आहे.

मी डावखुरा आहे. त्यामुळं माझा ठसा नेहमी जरा तिरका पडतो. सरळ पडतच नाय. लई प्रयत्न केले. आमचे रफिकभाई तिथं खांबापाशी बसलेत, ते रोज म्हणतात, ‘क्या दिगू, आज बी टेढा मार्या?’ हे सगळे हसतात. समद्या कारखान्याला माहितीय, तिरका ठसा म्हंजी दिगूभाऊ. आणि मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. खंडेनवमीला सगळे मशीनची पूजा करतात, मी माझ्या ठशाला हळदकुंकू लावतो.

आमच्याकडं एक कॉलर बनते. एवढी, तळहातात मावेल अशी, लोखंडी कड्यासारखी. चांगल्या मालाची, लई बारीक कामाची. ड्रॉइंगवर तिचं नाव नाय, नुसता नंबर. कुठं जाते, माहीत नाय. एक्सपोर्ट, एवढंच सांगतात. पण ट्रॅक्टरला अशीच एक कॉलर असते, म्हणून कुणीतरी हिला ट्रॅक्टरवाली म्हणालं, आणि सगळेच म्हणायला लागले. ‘ट्रॅक्टरवाली आली का? ट्रॅक्टरवाली काढ.’ आम्ही समदे शेतकऱ्यांची पोरं. आम्हाला वाटलं, कुठं तरी लांब, कुणाच्या तरी वावरात चाललीय आपली कॉलर. बरं वाटायचं.

माझ्या सुट्टीच्या दिवशी उज्ज्वलानं मला एक फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘दादा, तू मशीनवाला, हे कशाचं आहे रे?’ मी जेवत होतो. फोटोत एक पडकी भिंत, भिंतीपाशी तिची चप्पल, आणि चपलेशेजारी ट्रॅक्टरवाली.

वाकली होती, काळी पडली होती. पण मी ती कॉलर आंधळा असलो तरी ओळखीन. दोन बोटांनी फोटो मोठा केला. कडेला ठसा होता.

तिरका.

थांबा. थांबा जरा. रफिकभाई, उठू नका, बसा. मी बोलतोय ना.

मी फोन केला. ती म्हणाली, ‘काय रे, ओळखलंस?’ म्हटलं, ‘उजे, हे आमचं आहे.’ ‘आमचं म्हंजी?’ ‘म्हंजी माझं. हा ठसा माझा आहे.’ तिकडं मागं कुणाचं तरी लेकरू रडत होतं, ते मला ऐकू येत होतं. मी विचारलं, ‘कुठं सापडलं?’ म्हणाली, ‘शाळेच्या भिंतीत रुतलं होतं. घरं गेलेल्या बायका पोरं घेऊन राहत होत्या तिथं.’ मी म्हटलं, ‘मग त्या बायका...?’ ती म्हणाली, ‘दादा, ते विचारू नको.’

मला वाटलं आता ही मला शिव्या देईल. ती म्हणाली, ‘तू जेवलास का?’

मग म्हणाली, ‘हा फोटो मी कुणाला देत नाय. आणि तू बी आत्ता कुणाला बोलू नको. एकटा पडशील. पुढच्या महिन्यात मी येते. आल्यावर दोघं मिळून बोलू, सगळ्यांसमोर. तू मधी उभा राहा, मी तुझ्या शेजारी उभी राहते.’ मी म्हटलं, ‘मला लई भ्या वाटतंय.’ तर रडत रडत हसली. ‘मंग घाबर की,’ म्हणाली.

पुढचा महिना यायच्या आधी पेटी आली.

ती पण एका शाळेतच होती. तशीच शाळा, तसाच बॉम्ब. आता मला कुणी सांगा. तुमच्यात लई शिकलेली माणसं आहेत. तिच्या अंगावर जे पडलं, त्यात कॉलर होती का? होती तर कुणी पास केलेली? सरळ ठशाची का तिरक्या? मला माहीत नाय. मला कधीच कळणार नाय. पेटी उघडू नका म्हणाले.

झोपलो की माझ्या हातात हातोडी असते. दिवसा बी, बसमधी डुलकी लागली तरी. टोला बसतो आणि मी दचकून उठतो. शेजारच्याला वाटतं ब्रेक लागला.

साहेब, तुम्ही परवा घरी आला होता. चांगलं बोललात. आईच्या पाया पडलात. आणि जाताना दारात मला म्हणालात, ‘दिगंबरराव, ताईंचं काम मोठं होतं, सभेत कामाबद्दल बोला, राजकारण नको.’ तवापासून मी विचार करतोय. यांना माहितीय का? माहीत असून आले, का बिचारे सहज बोलले? आत्ता बी मला तुमच्या चेहऱ्यावरून कळत नाय. तुम्ही बी नोकरीच करता. पण साहेब, राजकारण बाजूला काढलं तर उज्ज्वलाची नुसती चप्पल उरते हो.

आणि माझ्या सोबत्यांनो, तुम्ही माझ्याकडं असं बघू नका. मला माहितीय तुम्ही काय विचार करताय. ऑर्डर गेली तर? लाइन बंद पडली तर? तुमच्या बी घरी लेकरं आहेत. मी तुमच्या पोटावर पाय द्यायला उभा राहिलो नाय. खरं तर तुमचं भ्या मला साहेबांपेक्षा जास्त आहे. साहेब कामावरून काढतील. तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत, तर मी बसमधी कुणाशेजारी बसू?

पण खरं सांगू? मला समद्यात जास्त भ्या कुणाचं होतं? साहेबांचं नाय. तुमचं नाय. त्या दाराशी उभं राहून मोबाईलवर माझं बोलणं घेतोय त्या माणसाचं बी नाय, बाबा, घे तू, नीट घे.

आईचं. आई, तुला हे आत्ता, इथं कळतंय. घरी सांगायला गेलो, लई वेळा गेलो. तू चपला पुसत बसलेली असायचीस. मी परत फिरायचो. आई, मी म्हणत नाय की माझ्याच कॉलरनं झालं. पण नाय झालं असं बी मला म्हणता येत नाय. आता तू मला काय म्हणायचं ते म्हण.

शिफ्ट सुटल्यावर ठसा जमा करायचा असतो. आज मी केला नाय. डब्याच्या पिशवीत टाकला. गेटवर तपासणी होते, माझ्या पाठीवरून घाम वाहत होता. शिपाई म्हणाला, ‘भाऊ, बहिणीचं ऐकलं, वाईट झालं,’ आणि पिशवी न बघता जाऊ दिलं.

हा बघा. बोटाएवढा आहे. खाचेत अजून खंडेनवमीचं कुंकू आहे.

मी हा तिच्या चपलेशेजारी ठेवतो. मापाला.

साहेब, उद्यापासून त्या कॉलरवर माझा ठसा पडणार नाय. ती कुठं जाते हे कुणी मला सांगितल्याशिवाय नाय. दुसरं कुठलं बी काम द्या, झाडायचं द्या. आणि वर्तमानपत्रातली मंडळी, तो फोटो माझ्या मोबाईलमधी आहे. उज्ज्वला नाय, म्हणून मी देतो. सभा झाली की मागं या. ठसा कुणाचा म्हणून विचारतील, तर माझं नाव लिहा. सोबत्यांचं कुणाचं लिहू नका. ते ट्रॅक्टरच समजत होते.

झालं माझं. एवढंच होतं.

आई, तू उठू नको. कुणीतरी धरा तिला. आई, खाली बस, इथं पायऱ्या आहेत... बरं, ये. दे हात. हळू.

तिला माझ्या शेजारी उभं राहायचंय म्हणते.

आता आपण सगळे उभे राहू. उज्ज्वला कुणाच्या घरात गेली की लगेच कॅमेरा काढायची नाय. आधी नुसती थांबायची, त्या माणसांबरोबर, काही न बोलता. तेवढा वेळ आपण बी थांबू. कुणी घड्याळ लावू नका. आईनं माझा हात सोडला की समजा झालं.

उजे, तू पलीकडं गेलीस. आई आणि मी अलीकडं आहोत. बघ, बोललो मी. घाबरत घाबरत.